बोल्टबरोबर इन्सर्टही फिरतोय? प्लास्टिकमधला पितळी इन्सर्ट पुन्हा पक्का कसा बसवायचा

गाडीचं साइड पॅनेल काढायला बसलात. चार बोल्ट मुकाट्याने सुटले आणि पाचवा मात्र जागच्या जागी फिरतोय. उलटा फिरवला तरी तेच, सुलटा फिरवला तरी तेच. बाहेर येत नाही आणि आवळतही नाही.

अशा वेळी बहुतेकांना वाटतं की आटे गेले. खरं तर बहुधा उलटं झालेलं असतं. आटे इतके घट्ट धरून बसलेत की बोल्ट आणि त्याच्याभोवतीचा पितळी इन्सर्ट, म्हणजे प्लास्टिकमध्ये बसवलेली आतून आटे असलेली छोटी नळी, एक होऊन प्लास्टिकच्या भोकात फिरताहेत. कोणता प्रकार आहे हे आधी ओळखा, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. बोल्टच्या डोक्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, हलकेच वर उचलत बोल्ट सोडवण्याच्या दिशेने फिरवा. फिरता फिरता तो कुरकुरत वर येत राहिला तर आटे गेलेत. थोडा उचलला जाऊन तिथेच अडला आणि तरीही फिरत राहिला, तर इन्सर्ट सुटलाय. मागची बाजू दिसत असेल तर प्रश्नच मिटला, पितळ फिरताना डोळ्यांनी दिसतं.

माझ्या गाडीच्या एका पॅनेलचा इन्सर्ट मी तीनदा बसवला. तिन्ही वेळा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) चांगलं होतं, भोक नीट साफ केलं होतं, चोवीस तास हातही लावला नव्हता. तरी पुढच्या सर्व्हिसिंगला बोल्ट सोडवताना तो फिरायचाच. तिसऱ्या वेळी इन्सर्ट हातात घेऊन त्यात बोल्ट नुसत्या बोटांनी घालून पाहिला. दोन वेढे गेला आणि अडकला. आट्यांमध्ये जुना थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) आणि गंजाची पूड घट्ट बसलेली होती. दोष इपॉक्सीत नव्हता. प्रत्येक वेळी जाम आट्यांचा सगळा जोर मीच त्या चिकटवलेल्या सांध्यावर टाकत होतो. हा बिघाड पुन्हा पुन्हा होतो तो जवळजवळ नेहमी याच कारणाने, म्हणून पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवा.

इन्सर्टवर जोर येतो कुठून

इन्सर्टच्या अंगावर दोन प्रकारची नक्षी कोरलेली असते. उभ्या किंवा तिरक्या रेघांचं नर्लिंग त्याला फिरण्यापासून अडवतं आणि मधली आडवी खाच त्याला वर उपटून येण्यापासून अडवते. कारखान्यात तो एक तर साच्यातच ठेवून भोवती प्लास्टिक ओततात, नाही तर नंतर उष्णतेने किंवा अल्ट्रासॉनिक कंपनाने वितळवून बसवतात. दोन्ही पद्धतींत प्लास्टिक त्या रेघांमध्ये शिरून गोठतं आणि पकड तयार होते.

बोल्ट आवळताना आपण लावलेला सगळा जोर इन्सर्टवर जात नाही. साधारण अर्धा डोक्याखालच्या घर्षणात जिरतो. सोडवताना मात्र डोकं एकदा मोकळं झालं की पुढचा सगळा अडथळा फक्त आट्यांमध्ये असतो. आटे मोकळे असतील तर बोल्ट बोटांनी निघतो आणि इन्सर्टला काही कळतही नाही. आटे जाम असतील तर पान्याचा सगळा जोर त्या बारीक प्लास्टिकच्या रेघांवर येतो. म्हणूनच इन्सर्ट आवळताना क्वचित फिरतो आणि सोडवताना हमखास फिरतो.

यातून एक सवय लावून घ्या. बोल्ट पहिल्यांदा टक् करून सुटला, अर्धा वेढा सहज फिरला आणि मग पुन्हा जड व्हायला लागला, तर तिथेच थांबा. अजून काही तुटलेलं नसतं. बोल्ट थोडा आत फिरवा, थोडा बाहेर घ्या, पुन्हा आत. आट्यांतली घाण त्याने चुरडत जाते. चिडून एका दमात ओढला की गेलाच.

फिरणारा बोल्ट बाहेर काढणं

मी ज्या क्रमाने जातो तोच क्रम देतो. सौम्य उपाय आधी, कापाकापी शेवटी.

पहिला उपाय म्हणजे ताण देऊन फिरवणं. पॅनेल आणि त्याच्या खालचा भाग यांच्यामध्ये, बोल्टच्या अगदी जवळ, प्लास्टिकची ट्रिम काढायची पट्टी घाला आणि दोन्ही भाग एकमेकांपासून हलकेच दूर ढकला. इन्सर्ट वर ओढला जातो, त्याचा काठ प्लास्टिकवर दाबला जातो आणि थोडं घर्षण मिळतं. तो ताण धरूनच बोल्ट हळू फिरवा. अर्ध्याअधिक वेळा एवढ्यावर काम होतं. पेचकसाचं धातूचं टोक वापरू नका, पॅनेलच्या रंगावर कायमचा ओरखडा राहतो.

मागून इन्सर्ट दिसत असेल तर लांब नाकाच्या पकडीने किंवा लॉकिंग प्लायरने धरा. पकड बसायला जागा नसेल तर इन्सर्टच्या मागच्या काठावर बारीक कानशीने समोरासमोर दोन खाचा पाडा आणि रुंद पेचकसाने तो धरून ठेवा.

तिसरा उपाय मला सगळ्यात जास्त पटलेला आहे: उष्णता. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक बोल्टच्या डोक्यातल्या ॲलन कीच्या षटकोनी खड्ड्यात एक-दोन मिनिटं टेकवून ठेवा. उष्णता बोल्टमधून इन्सर्टमध्ये उतरते आणि तीन गोष्टी होतात. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे आट्यांची पकड ढिली होते. आट्यांत थ्रेडलॉकर असेल तर तो मऊ पडतो. आणि इन्सर्टभोवतीचं प्लास्टिक किंचित वितळून पुन्हा नर्लिंगमध्ये शिरतं. आता आयर्न काढा आणि बोल्ट तसाच सरळ धरून पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना फिरवलात तर मऊ प्लास्टिकमध्ये इन्सर्ट लोण्यासारखा फिरेल आणि भोक आणखी मोठं होईल. थंड झाल्यावर फिरवून बघा, नवी पकड तेवढ्यापुरती पुरते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा असेल तर फुगण्यातला फरक फार कमी पडतो, पण बाकीचे दोन फायदे मिळतातच. उष्णता देताना पॅनेलच्या बाहेरच्या रंगीत बाजूवर लक्ष ठेवा. बॉस (इन्सर्ट ज्यात बसतो तो प्लास्टिकचा उंचवटा) पातळ असेल तर बाहेर चमकदार डाग उमटतो आणि तो जात नाही.

आणि हे अगदी गांभीर्याने सांगतो: प्लास्टिकच्या पेट्रोल टाकीत बसवलेल्या इन्सर्टला उष्णता देऊ नका, जवळ ग्राइंडर चालवू नका, ड्रिलही लावू नका. टाकी रिकामी केली तरी आत वाफ राहते आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते. तिथे फक्त ताण, पकड आणि धीर.

एवढं करूनही नाही निघाला तर खिळ लावा. बॉसच्या बाजूने, इन्सर्टच्या मध्यावर नेम धरून दीड ते दोन मिलिमीटरच्या बिटने आडवं भोक पाडा. पितळ लागलं की अर्धा मिलिमीटर आत जा आणि थांबा, आट्यांपर्यंत पोहोचू नका. त्या भोकात त्याच जाडीची पोलादी पिन ठोका, तुटलेल्या ड्रिल बिटचा दांडाही चालतो. इन्सर्ट आता आडवा अडकला, बोल्ट फिरवा. ही पिन पुढे तशीच ठेवून दुरुस्तीचा भाग बनवता येते, म्हणून भोक नीट सरळ पाडा.

बोल्टच्या डोक्यावर ड्रिल लावून डोकं उडवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. इन्सर्ट फिरत असताना ड्रिलबरोबर बोल्टही फिरतो, काप बसत नाही आणि घर्षणाने तापून भोवतीचं प्लास्टिक वितळतं. डोकं उडवायचंच असेल तर ते लॉकिंग प्लायरने बाजूने घट्ट धरा, भोवती धातूचं पातळ पत्र्याचं कवच ठेवा आणि छोट्या कटिंग डिस्कने थांबत थांबत कापा. पॅनेल निघालं की उरलेला दांडा वर दिसतो, मग तो इन्सर्टसकट बाहेर ओढता येतो.

फटीत सुपरग्लू सोडण्याचा मोह आवरा. पाण्यासारखा पातळ असल्याने तो प्लास्टिकच्या फटीइतकाच आट्यांतही उतरतो आणि बोल्ट आणखी पक्का करतो. गंजावर सोडायचं तेलही थेंबानेच, तेही आट्यांपुरतं. काही तेलं आणि विशेषतः ब्रेक फ्लुइड एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकना बारीक तडे पाडतात. सांडलं तर लगेच पुसा.

प्लास्टिक कोणतं आहे

हे पाहिल्याशिवाय गोंद उघडूच नका. भागाच्या आतल्या बाजूला दोन बाणांच्या मध्ये एबीएस, पीपी, पीए किंवा पीई अशी अक्षरं कोरलेली असतात. रंगीत फेअरिंग (गाडीवरचं बाहेरचं आवरण) आणि साइड पॅनेल बहुतेक एबीएसची. मडगार्डचा आतला भाग, बॅटरीचा खोका, एअर फिल्टरचा खोका अनेकदा पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपीचा. जोर सोसणारे ब्रॅकेट बऱ्याचदा काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचे, त्यावर पीएच्या पुढे जीएफ आणि ३० सारखा आकडा दिसतो. तो आकडा काचेचं प्रमाण सांगतो.

अक्षरं नसतील तर आतून एक कतरण काढून पाण्यात टाका. पीपी आणि पीई तरंगतात, एबीएस आणि नायलॉन बुडतात. बुडलेल्या कतरणीवर ॲसिटोनचा थेंब टाकला आणि ती चिकट झाली तर एबीएस.

इतका खटाटोप का, तर पीपी आणि पीईला साधं इपॉक्सी धरतच नाही. चिकटल्यासारखं दिसतं, वाळल्यावर नखाने सोलून निघतं. बॅटरीच्या खोक्यात तीनदा इपॉक्सी भरून कंटाळलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हाताचा काही दोष नव्हता, त्या प्लास्टिकचा स्वभावच तसा.

बसवण्याआधी इन्सर्ट तपासा

इन्सर्ट बाहेर आला की व्हाइसमध्ये मऊ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये धरा, नर्लिंग चेपू देऊ नका. आता त्यातून योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवा. एम५ म्हणजे ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८ मिलिमीटर, एम६ साठी १.०. मग ज्या बोल्टने पॅनेल लावणार तोच बोल्ट बोटांनी पूर्ण आत गेला पाहिजे. पाना लागला तर बोल्ट बदला, तरीही लागला तर इन्सर्ट बदला. या एका पायरीने माझा तीन वेळचा त्रास संपला.

मग लांबी बघा. बंद भोकात काडी घालून खोली मोजा. बोल्ट इन्सर्टचे सगळे आटे पार करून गेला पाहिजे, पण भोकाच्या तळाला टेकता कामा नये. तळाला टेकलेला लांब बोल्ट जॅकसारखं काम करतो, आवळाल तसा इन्सर्टला वर उचलतो. हरवलेल्या बोल्टच्या जागी हाताला लागेल तो लांब बोल्ट घातलेल्या गाड्यांमध्ये हे फार दिसतं.

एबीएसमध्ये बसवणं

भोक फारसं झिजलं नसेल तर जुनाच इन्सर्ट उष्णतेने बसवता येतो. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न २२० ते २५० अंश सेल्सिअसला ठेवा. जुन्या, आता नको असलेल्या टोकाने इन्सर्ट भोकावर उभा धरा आणि आयर्नच्या वजनापेक्षा किंचितच जास्त दाब द्या. घाई केली तर प्लास्टिक नर्लिंगमध्ये शिरण्याऐवजी वर ढकललं जातं. नऊ दशांश आत गेला की आयर्न काढा आणि धातूच्या सपाट तुकड्याने दाबून बाकीचा बसवा. तो तुकडा उष्णता शोषतो आणि इन्सर्ट सरळ ठेवतो. पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्ट लावू नका. धूर घशाला लागतो, खिडकी उघडी ठेवा.

भोक रुंद झालं असेल तर आत आधी प्लास्टिक भरायला हवं. थ्रीडी प्रिंटरची एबीएसची तार किंवा तुटक्या पॅनेलच्या कापलेल्या पट्ट्या भोकाच्या भिंतीला वितळवून चिकटवा, मग त्यात इन्सर्ट उतरवा. ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळवून केलेली पेस्ट मी इथे टाळतो. जाड थरात ती दोन-दोन दिवस आतून मऊ राहते आणि वाळताना आकसते. चिरा भरायला मात्र ती उत्तम. दुसरा मार्ग म्हणजे बाहेरचा व्यास मोठा असलेला इन्सर्ट. तो घालून झाल्यावर बॉसची भिंत निदान दोन मिलिमीटर उरत असेल तरच त्या वाटेला जा, नाही तर बॉस उभा चिरतो.

इपॉक्सी वापरायचं असेल तर पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, हळू घट्ट होणारं घ्या. भोकाची भिंत खरखरीत करा, बारीक बिटने तिच्यात दोन-तीन उभे चर पाडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसा. इन्सर्टही पुसा. चरांत गोठलेलं इपॉक्सी किल्लीसारखं अडकतं, मग पकड फक्त चिकटपणावर अवलंबून राहत नाही. बोल्टला व्हॅसलीनचा पातळ हात देऊन तो इन्सर्टमध्ये घालून ठेवा, म्हणजे आट्यांत इपॉक्सी जाणार नाही. पॅनेल जागेवर धरून इन्सर्ट रेषेत आणा, नाही तर घट्ट झाल्यावर भोकाला भोक जुळणार नाही.

पीपी आणि नायलॉन

पीपीमध्ये भरवसा फक्त वितळवण्यावर आणि अडकवण्यावर. भिंतीत चर पाडा, पीपीचीच वेल्डिंग काडी वितळवून भरा आणि गरम इन्सर्ट त्यात दाबा. एबीएसची तार पीपीत मिसळत नाही, दोन्ही नुसती शेजारी बसतात. नंतर वर सांगितलेली आडवी पिन घाला.

काचेच्या नायलॉनला वितळायला २२० अंशांच्या वर तापमान लागतं आणि घरच्या आयर्नने काम ओबडधोबड होतं. तिथे मी चर पाडून, खरवडून, हळू घट्ट होणारं इपॉक्सी आणि पिन असं दोन्ही वापरतो.

बॉसची मागची बाजू उघडी असेल तर मात्र या सगळ्यापेक्षा चांगला मार्ग आहे: कडा असलेला नट किंवा इन्सर्ट मागून घाला. बोल्ट आवळाल तशी कडा प्लास्टिकवर दाबली जाते, उपटून यायचा प्रश्नच उरत नाही. फिरू नये एवढ्यापुरतं थोडं इपॉक्सी किंवा पिन पुरते. साच्यात बसवलेल्या मूळ इन्सर्टपेक्षाही ही बैठक मला जास्त भरवशाची वाटते.

पत्र्यात वापरतात ते रिव्हेट नट प्लास्टिकमध्ये घालू नका. ते फुगून पकड घेतात, आणि प्लास्टिकला तो ताण सहन होत नाही. तडा लगेच दिसत नाही, पहिल्या थंडीत दिसतो.

विंडशील्डचे रबरी नट

विंडशील्डच्या भोकात पितळी नट असलेलं रबराचं बूच असतं. तेही फिरतं, पण कारण साधं: रबर म्हातारं झालेलं असतं किंवा नट गंजलेला. रबराची बाहेरची कडा पकडीने दाबून धरा आणि बोल्ट ओढत फिरवा. नाहीच जमलं तर धारदार पात्याने ती कडा कापा आणि बूच मागे ढकला, पडलेला नट शोधून काढा. बूच जोडायच्या भानगडीत पडू नका, नवीन घाला.

परत जोडताना

इन्सर्टचं तोंड प्लास्टिकच्या पृष्ठभागाशी सपाट हवं, केसभर वर असला तरी चालेल. खाली गेलेला नको. त्याच्यावर बसणाऱ्या पॅनेलचं भोक इन्सर्टपेक्षा मोठं असेल आणि मधे काही टेकत नसेल, तर बोल्ट आवळताना इन्सर्ट त्या मोकळ्या जागेत वर खेचला जातो. म्हणून तर तिथे धातूचा छोटा बुश दिलेला असतो. तो बहुतेक वेळा रबराच्या ग्रोमेटमधून (भोकात बसणाऱ्या कडीतून) निसटून हरवतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. बुश असला की बोल्टचं डोकं, बुश आणि इन्सर्ट अशी धातूला धातू साखळी होते, ठराविक जागी आवळणं थांबतं. बुश नसेल तर रबर दबत जातं, हाताला अजून ढिलंच लागतं, आणि माणूस आवळत राहतो. फिरलेल्या इन्सर्टच्या वरचं ग्रोमेट नेहमी उघडून बघा.

आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. थ्रेडलॉकर नको. तो एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो आणि पुढच्या वेळी हाच बिघाड घेऊन येतो. बोल्ट कंपनाने ढिले होत असतील तर आट्यांवर नायलॉनचा ठिपका असलेले बोल्ट घ्या.

आवळण्याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तर तोच पाळा. नसेल तर प्लास्टिकमधल्या एम५ ला मी ३ न्यूटन-मीटरच्या वर जात नाही. मोजायचं साधन नसेल तर ॲलन कीचा लांब दांडा खड्ड्यात घाला आणि आखूड दांडा दोन बोटांनी फिरवा. सुरुवातीचे तीन-चार वेढे पान्याशिवाय, बोटांनीच. पॅनेलचे सगळे बोल्ट आधी असे अर्धवट लावा, पॅनेल हलवून जागेवर बसवा आणि मग एकेक आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळून बाकीची भोकं ओढून जुळवली की शेवटचा बोल्ट तिरका जातो, आणि बहुतेक वेळा पुढच्या सर्व्हिसिंगला फिरतो तो तोच.